पत्रिका दाखवायला सोबत जाणाऱ्यांसाठी

पुण्यात राहणाऱ्या माणसावर ही वेळ कधी ना कधी येतेच. घरातले वडीलधारे माणूस, एखादी मैत्रीण किंवा कचेरीतला सहकारी हळूच म्हणतो, "एक जण फार अचूक सांगतात म्हणे, पण एकट्याने जायला नको वाटतं, येतोस का बरोबर?" विचारणाऱ्याचे जायचे आधीच ठरलेले असते, त्याला फक्त सोबत हवी असते. आपण नाही म्हटले किंवा तिथल्या तिथे बुद्धिवादावर व्याख्यान दिले, तर तो दुसऱ्या कोणाला तरी घेऊन जातो आणि पुढे काय घडले, किती पैसे गेले, हे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की आपला विश्वास असो वा नसो, सोबत जावे. मी मावशीबरोबर सदाशिव पेठेतल्या एका ज्योतिषांकडे आणि एका मित्राबरोबर कोथरुडात लोलकवाल्यांकडे, म्हणजे दोऱ्याला टांगलेले वजन कसे हलते त्यावरून उत्तरे सांगणाऱ्यांकडे, गेलो आहे. पुढे जे सांगतो आहे, ते बरेचसे या फेऱ्यांतून आणि थोडेफार वाचनातून जमलेले आहे.

निघण्यापूर्वी जाणाऱ्याचा खरा प्रश्न समजून घ्यावा. "साडेसाती आहे का ते बघायचंय" हा खरा प्रश्न क्वचितच असतो. त्याच्या पोटात दुसरे काही तरी दडलेले असते. मुलाला कंपनीने तीन महिने कामाविना बसवून ठेवलेले असते, मुलीच्या लग्नाला तीन ठिकाणांहून नकार आलेला असतो, नाही तर नव्या फ्लॅटचा हप्ता आणि त्यापायी घरात रोजची धुसफूस चाललेली असते, आणि त्या धुसफुशीला 'वास्तुदोष' हे नाव मिळालेले असते. मावशीने रिक्षात बसल्यावर गुरुबळाचा विषय काढला होता, तरी अलका टॉकीजचा चौक येईपर्यंत गोष्ट तिच्या धाकट्या मुलाच्या व्हिसावर आली होती. हा प्रश्न आपण वहीच्या पहिल्या पानावर, शक्यतो जाणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवावा. तासाभराने बाहेर पडताना मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले की भलत्याच दोषाची यादी हातात पडली, हे त्यावरून ताडून पाहता येते.

शिकलेली माणसे असल्या गोष्टींच्या नादी लागतातच कशी, असे अनेक जण त्राग्याने विचारतात. ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की हे मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहत होते. तिथले लोक बेटालगतच्या शांत, उथळ पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्राच्या वाटेला जात नसत, कारण तिथे हातातले कसब पुरेसे होते. खोल समुद्रावर जायचे असले, जिथे जिवाचीही खात्री नव्हती आणि मासळीचीही, तिथे मात्र जादूचे विधी यथासांग होत. हिंजवडीतला अभियंता आपला प्रोग्रॅम चालेल की नाही, हे ज्योतिषाला विचारत नाही. पुढच्या तिमाहीत आपल्याला कामावर ठेवतील की नाही, हे विचारतो. त्याचे शिक्षण उथळ पाण्यापुरते त्याला पुरते. आधुनिक शहराने पाणी जसे उथळ केले तसे काही ठिकाणी खोलही केले आहे. परदेशाचा व्हिसा, प्रवेशाची शेवटची यादी, वंध्यत्वावरचे महागडे उपचार, कर्ज काढून घातलेला धंदा, या सगळ्यांत मेहनत आपली आणि निकाल दुसऱ्याच्या हाती, असा मामला असतो. नवी गाडी ताब्यात देताना शोरूमवाला पेढ्यांच्या पुड्याबरोबर चार लिंबेही काढून ठेवतो. गाडीच्या यंत्राबद्दल त्याच्या मनात शंका नसते, रस्त्याबद्दल मात्र असते, आणि पुण्याचे रस्ते पाहता मी त्याला फारसा दोष देत नाही.

आता प्रत्यक्ष भेटीबद्दल. सदाशिव पेठेतला तो वाडा अजून पुनर्विकासातून वाचलेला होता. लाकडी जिना, जिन्याखाली चपलांचा ढीग, बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या आणि दत्ताच्या तसबिरीखाली पंचांग. पत्रिका संगणकावर निघाली, पण गुरुजींनी ती बाजूला ठेवून पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने पुन्हा मांडली. मांडता मांडता त्यांनी मावशीला माहेरचे आडनाव, गाव, कुलदैवत विचारले, पाणी दिले आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. मग मान वर करून म्हणाले, "तुम्ही फार सोसलंत, पण कधी कोणाला दाखवलं नाहीत." मावशीने पदर डोळ्याला लावला.

या क्षणी सोबत्याने काय करावे? गप्प बसावे. हे वाक्य बाहेरच्या सहाही खुर्च्यांवरच्या माणसांना लागू पडले असते, हे मला कळत होते. पण त्याच आठवड्यात मावशीला घेऊन मी एका नामांकित तज्ज्ञांकडे गेलो होतो, तिथे अडीच तास थांबून आम्हाला सहा मिनिटे मिळाली होती आणि त्यातही डॉक्टरांची नजर पडद्यावरून हलली नव्हती. इथे चाळीस मिनिटे एक वयस्क, शांत माणूस फक्त तिच्याबद्दल बोलत होता. गूढविद्येचे दुकान टिकून राहण्यामागे ग्रहांपेक्षा या चाळीस मिनिटांचा वाटा मोठा आहे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. जो हे ओळखत नाही, त्याला पुढचे काहीही जमणार नाही. मावशीचे रडू खरे होते, आणि ते खोटे ठरवण्याचा अधिकार मला नव्हता.

वही मात्र उघडी ठेवावी. "विसरायला होतं, म्हणून लिहून घेतो" असे नम्रपणे सांगितले की सहसा कोणी हरकत घेत नाही, आणि ज्याने घेतली त्याच्याबद्दल तेवढ्यावरूनच पुष्कळ कळते. पान मधोमध दुमडून दोन रकाने करावेत. डावीकडे स्वभावाबद्दल आणि झालेल्या गोष्टींबद्दलची वाक्ये, उजवीकडे होणाऱ्या गोष्टींबद्दलची. शब्द बदलू नयेत. "नोकरीचा योग दिसतो" हे "नोकरी लागेल" असे लिहिले, तर आपणच ज्योतिषाचे अर्धे काम करून दिल्यासारखे होते. वही आपलीच असावी, याला एक जुने कारण आहे. गरोदर बाईला तोंडाने "मुलगा" सांगायचे, स्वतःच्या रोजनिशीत "मुलगी" लिहायचे आणि मुलगी झाल्यावर कोणी जाब विचारायला आलेच तर ती रोजनिशी पुढे करायची, ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

डावा रकाना घरी येऊन वाचताना एक गंमत करावी. त्यातली वाक्ये एका कोऱ्या कागदावर उतरवून शेजाऱ्यांना, स्वतःची आहेत असे समजून, वाचायला द्यावीत. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये हेच केले होते. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "हे तुमचे स्वभावचित्र" म्हणून एकच मजकूर दिला, जो त्याने दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवला होता. तो किती जुळतो याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आपल्याकडे अशी वाक्ये पुस्तकात शोधावी लागत नाहीत. पैसा येतो पण टिकत नाही, ज्यांच्यासाठी केलं तेच उलटले, घरात कोणाच्या तरी गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं आहे, ही नेहमीची. यातले हुकमी पान म्हणजे "कुलदेवीचं काही तरी राहून गेलंय." मराठी घरात कुलदेवीचे काही राहिलेले नाही असे होऊच शकत नाही. गोंधळ राहिलेला असतो, ओटी राहिलेली असते, निदान तुळजापूर किंवा कोल्हापूरला "यंदा नक्की जाऊ" असे गेली चार वर्षे चाललेले असते. मावशीच्या वहीतल्या अकरा वाक्यांपैकी नऊ आमच्या शेजारच्या काकूंना तंतोतंत पटली, आणि त्यांनी गुरुजींचा पत्ता मागून घेतला. प्रयोग थोडा फसलाच म्हणायचा.

उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी भराव्यात: नेमके काय घडेल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय झाले तर भाकीत चुकले असे धरायचे. तिसरी भरता येत नसेल तर ते भाकीत नव्हे, आशीर्वाद आहे. आशीर्वाद घ्यायला हरकत नाही, फक्त त्याला भाकिताचे पैसे मोजू नयेत. हे पान पाकिटात घालून, वर तारीख टाकून, जाणाऱ्याच्याच कपाटात ठेवावे. आपल्याकडे ठेवले तर तो पुरावा होतो. त्याच्याकडे असले तर ती त्याची स्वतःची नोंद राहते.

एका माणसाच्या एका पत्रिकेवरून शास्त्र खरे की खोटे हे ठरत नाही, हा आक्षेप योग्य आहे. मोठी चाचणी आपल्याच शहरात झाली आहे, आणि पुणेकर असूनही ती अनेकांना ठाऊक नसते, म्हणून ती सविस्तर सांगतो. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे मिळवली. त्यांतली १०० मुले शाळेने हुशार ठरवलेली होती आणि १०० मुले बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या विशेष शाळांतली होती. त्यांच्या पत्रिका करून त्या मिसळण्यात आल्या आणि ज्योतिषांना आवाहन करण्यात आले, की प्रत्येकी ४० पत्रिका घ्या आणि कोणती कोणत्या गटातली तेवढे सांगा. एकूण ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. नुसते नाणे उडवले असते तरी साधारण ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती. आली ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्याच्या सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली, म्हणजे ५१ टक्के. चाचणीतला प्रश्न काही आडवळणाचा नव्हता. बुद्धी, विद्या, संतती हे विषय तर पत्रिकेच्या पंचम स्थानाचे मानले जातात आणि रोज शेकडो पालक तेच विचारतात.

ज्योतिषाला नाउमेद न करता एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: तुम्ही कोणते अयनांश धरता? पाश्चात्य पद्धतीची सायन राशी आणि आपली निरयन राशी यांत आज सुमारे २४ अंशांचे अंतर आहे, म्हणजे जवळपास एक अख्खी रास. या अंतरालाच अयनांश म्हणतात. इंग्रजी वर्तमानपत्राप्रमाणे ज्याचा सूर्य सिंहेत, त्याचा सूर्य आपल्या पंचांगाप्रमाणे बहुधा कर्केत असतो, आणि दोन्ही वर्णने त्याला पटतात. निरयन पद्धतीतही सगळ्यांचे एकमत नाही. लोकमान्यांच्या मताला अनुसरून निघणारे टिळक पंचांग इतर पंचांगांहून वेगळे अयनांश धरते. प्रश्न विचारल्यावर गुरुजी मनापासून खुलले आणि त्यांनी पंधरा मिनिटे फार छान माहिती दिली. अभ्यास त्यांचा खराच होता. भाकीत मात्र त्या अभ्यासातून निघत नव्हते.

लोलकाचे प्रकरण याहून सोपे आहे, कारण त्याची परीक्षा घरच्या टेबलावर अर्ध्या तासात होते. एखादी अंगठी वीतभर दोऱ्याला बांधावी, दोरा चिमटीत धरावा, कोपर अधांतरी ठेवावे आणि कागदावर काढलेल्या उभ्या रेघेकडे पाहत "या रेघेवरून हल" असा विचार करावा. अंगठी हलू लागते. आता आडव्या रेघेचा विचार केला की थोड्या वेळात ती दिशा बदलते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. हात आपणच हलवत असतो, पण इतका सूक्ष्म की त्याची जाणीव आपल्याला होत नाही. मग दोरा खुर्चीच्या पाठीला बांधावा आणि हवा तेवढा विचार करावा, अंगठी ढिम्म हलत नाही. दुसरा भाग असा: पाच एकसारख्या वाट्या पालथ्या घालाव्यात, एकीखाली रुपया ठेवावा. ठेवणाऱ्याने खोलीबाहेर जावे, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही. लोलकाने वाटी ओळखावी. असे २० वेळा करावे. केवळ नशिबाने सरासरी ४ वेळा रुपया सापडतो. माझ्या मित्राला ५ वेळा सापडला आणि त्याला पाचव्या वेळेचा फार अभिमान वाटला. मग आम्ही आणखी २० वेळा केले, तेव्हा ३ आले.

आत्मे बोलावण्यासाठी मांडलेल्या प्लँचेटची वाटीही याच कारणाने सरकते. १८५३ मध्ये लंडनमध्ये 'टेबल फिरवण्या'चे, म्हणजे टेबलावर हात टेकवून बसले की आत्मे ते फिरवतात या समजुतीचे, वेड शिगेला पोहोचले, तेव्हा मायकेल फॅरेडेने बैठकीला बसलेल्यांच्या हातांखाली पुठ्ठ्याचे सैल चिकटवलेले थर ठेवून दाखवले, की आधी हात सरकतात आणि टेबल मागाहून. हातांची हालचाल दाखवणारा काटा बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला, की टेबल फिरायचे थांबे. घरात मुलांनी सुटीत वाटी आणि अक्षरे मांडली असतील तर ओरडू नये. सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधावा आणि अक्षरांचा कागद गुपचूप उलटा फिरवावा. आत्म्याचे शुद्धलेखन लगेच बिघडते.

इथवर सगळे कुतूहलाच्या पातळीवर होते. पुढचा भाग मात्र ठामपणे वागण्याचा आहे. काही सीमारेषा जाण्यापूर्वीच, रिक्षात बसताना, मोकळेपणाने ठरवून घ्याव्यात. पहिली पैशाची. ठरलेल्या दक्षिणेपलीकडे त्या दिवशी काहीही द्यायचे नाही. पुष्कराज, शांती, यंत्र, जे काही सुचवले जाईल ते लिहून घ्यायचे आणि आठ दिवसांनी ठरवायचे. आजच अमावास्या आहे, आजच करावे लागेल, असे जिथे म्हटले जाते, तिथून उठावे. दुसरी रेषा औषधाची. चालू असलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद होणार नाही. घरातले कोणी एकटेच बोलते, झोपत नाही, कानात आवाज येतात असे सांगते आणि त्याला 'बाहेरची बाधा' म्हटले जाते, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवण्यात एक दिवसही दवडू नये. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. सर्पदंशात तर मांत्रिकाचे यश हे सापाचे दान असते. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो, म्हणून मंत्राने माणूस 'वाचतो'. नाग किंवा घोणस चावून विष अंगात भिनले असेल तर प्रतिविषाखेरीज उपाय नाही आणि मंत्रात गेलेला वेळ परत मिळत नाही.

तिसरी रेषा माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भाकितात जिवंत माणसाचे बोट दाखवले गेले, म्हणजे "घरातल्याच बाईने करणी केली आहे", "पूर्वेकडून आलेल्या सुनेपासून सावध राहा" असे काही उच्चारले गेले, तर भेट तिथेच संपवावी. खडा घेतला तर पैसे जातात, पण जावेवर घेतलेला संशय दोन पिढ्या टिकतो. कायदाही हे गांभीर्याने घेतो. डॉ. दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांचा गोळ्या घालून खून झाला. रखडलेल्या कायद्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडले. पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची सुटका केली.

हा कायदा पत्रिका पाहण्यावर बंदी घालत नाही, याविषयी दोन्ही बाजूंच्या लोकांचे गैरसमज आहेत. पूजाअर्चा, वारी, नवस आणि ज्योतिषाचा सल्ला त्याच्या कक्षेबाहेर आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे, एखाद्यावर करणी-चेटकाचा आरोप करून त्याचे जगणे कठीण करणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवणे, चमत्काराच्या नावाने फसवणे, हे मात्र गुन्हे आहेत. त्यांना ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करावी. ठिकाण, तारीख, बोललेली वाक्ये आणि दिलेली रक्कम असलेली आपली वही तिथेही उपयोगी पडते, आणि पैसे रोख न देता मोबाइलवरून दिलेले असतील तर अधिकच बरे.

परतताना लगेच चर्चा करू नये. आम्ही तुळशीबागेत शिरलो, मावशीने हळदीकुंकवासाठी वाट्या घेतल्या, आणि व्हिसाची कागदपत्रे कोणाला दाखवता येतील याचा विषय मग आपोआप निघाला. ज्याला आपला प्रश्न चाळीस मिनिटे कोणी तरी ऐकायला हवा आहे, त्याला ती चाळीस मिनिटे आपण महिन्यातून एकदा देऊ शकलो, तर पुढची फेरी बरेचदा टळते. नेहमीच टळते असे नाही.

पाकीट आम्ही वर्षाने उघडले. गुरुजींनी व्हिसा दसऱ्याच्या आत सांगितला होता, तो आला फाल्गुनात, तोही दुसऱ्यांदा अर्ज करून. मावशी मधल्या काळात सर्वांना "त्यांनी सांगितलं तस्सं झालं" असे सांगत आली होती, आणि ती खोटे बोलत नव्हती, तिला तसेच आठवत होते. तिने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग घडी घालून तो पुन्हा पाकिटात ठेवला आणि म्हणाली, "अक्षर फार बारीक काढतोस रे तू." थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिने विचारले, येत्या गुरुवारी मी मोकळा आहे का.